कायदा म्हणजे काय, हे लोकांना विचारून कळेल का?

ओसरी

कायद्याच्या तत्त्वज्ञानावर सध्या थोडं वाचते आहे आणि एका वादापाशी अडकले आहे. इथे वकील आहेत, आकडेवाले आहेत, नुसतेच भांडायला येणारेही आहेत, म्हणून धागा काढते.

कायदा म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाला तत्त्वज्ञ वर्षानुवर्षं खुर्चीत बसून भिडत आले. एखादा काल्पनिक प्रसंग रचायचा, "याला आपण कायदा म्हणू का?" असं स्वतःलाच विचारायचं आणि मनातून जे उत्तर येईल त्यावर सिद्धांत उभा करायचा. यातला सगळ्यात गाजलेला प्रसंग इंग्रज कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्टचा, १९५८ सालचा. बागेच्या दारावर पाटी आहे: वाहनांना मनाई. मोटार नको हे नक्की. पण सायकल? लहान मुलाची खेळण्यातली गाडी? हार्ट म्हणाला, शब्दाच्या अर्थाला एक पक्का गाभा असतो आणि भोवती धूसर कड. गाभ्यात वाद नाही, वाद सगळा कडेला. त्याच वर्षी, हार्वर्डच्या त्याच नियतकालिकात अमेरिकन कायदेपंडित लॉन फुलरने उलट विचारलं: महायुद्धातला एक चालू स्थितीतला लष्करी ट्रक स्मारक म्हणून बागेत चौथऱ्यावर ठेवायचा ठरला, तर तो गाभ्यात धरायचा की कडेला? नियम कशासाठी केला हे न बघता अर्थ लागतच नाही, हा त्याचा मुद्दा.

दोघंही बोलतात ते "कुणालाही असंच वाटेल" याच सुरात. गेल्या काही वर्षांत काहींनी ठरवलं, की मग त्या "कुणालाही" गाठून विचारूच. तीन उदाहरणं देते.

केव्हिन टोबियाने २०२० मध्ये बागेचीच पाटी घेतली. काहींना थेट विचारलं, अमुक वस्तू वाहन आहे का? काहींच्या हातात शब्दकोशातली व्याख्या दिली, काहींना तो शब्द छापील मजकुरात कसकसा वापरला जातो त्याचे नमुने दिले. तिन्ही गटांची उत्तरं जुळली नाहीत. व्याख्या हातात असलेल्यांनी शब्द ताणून बरंच काही आत घेतलं, नमुने पाहणाऱ्यांनी तो आखडता घेतला. अमेरिकेतले न्यायाधीश "सामान्य अर्थ" शोधायला याच दोन साधनांवर भिस्त ठेवतात, म्हणून हा निष्कर्ष त्यांना जरा झोंबणारा होता.

दुसरा अभ्यास २०२१ चा, इव्हार हानिकाइनेन आणि मंडळींचा. अकरा देश, ३,०५४ माणसं. फुलरचं म्हणणं होतं की पूर्वलक्षी म्हणजे मागच्या तारखेपासून लागू होणारे, कुणाला न समजणारे, गुप्त ठेवलेले नियम हे वाईट कायदे नव्हेत, ते कायदेच नव्हेत. लोकांना विचारलं: असे कायदे असू शकतात का? सर्वसाधारण उत्तर, नाही. आणि असे कायदे प्रत्यक्षात आहेत का? उत्तर, हो, आहेत की!

तिसरा फ्लानगन आणि हानिकाइनेन यांचा, २०२२ चा. अगदी दुष्ट नियम, पण रीतसर मंजूर झालेला. लोक त्याला कायदा म्हणायला पूर्णपणे तयार होत नाहीत. कायदा आणि नीती वेगळ्या ठेवणाऱ्या पंथाचा दावा होता की सामान्य माणसाची समज आमच्याच बाजूची आहे. निकाल त्यांच्या अंदाजाच्या उलट लागला.

प्रश्न असा, की यातून तत्त्वज्ञांच्या पदरात काही पडतं का? मला वाटतं पडतं, आणि दुसऱ्या अभ्यासातून सगळ्यात जास्त. तीन हजार माणसं "असू शकत नाही" आणि "आहे" या दोन्ही बाजूंना उभी राहतात, ही गफलत म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही.

चहाबिस्किट

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बागेत ई-स्कूटर चालेल का तेवढं सांगा, आमच्या सोसायटीत त्यावरून दोन तट पडलेत.

शेंदूर

धागा उत्तम, निष्कर्ष अमान्य. मूळ संख्या म्हणजे काय हे बहुमताने ठरत नाही. निम्म्या लोकांनी ९१ ला मूळ संख्या म्हटलं तरी तेरा सत्ते एक्क्याण्णवच राहतात. तत्त्वज्ञ संकल्पनेचा शोध घेतो, लोकांच्या मतांची खानेसुमारी करत नाही. रस्त्यावरच्या माणसाने कायद्यावर कधी पाच मिनिटं विचार केलेला नसतो. त्याच्या पहिल्या प्रतिक्रियेला मत म्हणा, समज म्हणू नका.

ओसरी

@शेंदूर, ९१ ला सात आणि तेरा भागतात, मग पृथ्वीवर एकही माणूस नसला तरी चालेल. कायद्याचं तसं नाही. नोटेला पैसा न मानता सगळे कागद मानू लागले तर ती कागदच होते. कायदाही लोकांनी काहीतरी मानण्यावरच उभा आहे. खुद्द हार्टने १९६१ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपल्या कामाला वर्णनात्मक समाजशास्त्र म्हटलंय. समाजशास्त्र म्हणायचं आणि समाजाकडे फिरकायचं नाही, हे कसं जमायचं?

शिवाय "पहिली प्रतिक्रिया" तत्त्वज्ञाचीही असते. फ्रँक जॅक्सनसारखा या खुर्चीतल्या पद्धतीचा खंदा समर्थक तत्त्वज्ञसुद्धा कबूल करतो, की लोक एखाद्या प्रसंगाला काय म्हणतील याचे आपले अंदाज हे अंदाजच असतात, गरज पडली तर चाचणी घ्यायला हरकत नाही.

तालुका_कोर्ट

दोन गोष्टी टाकतो, मग तुमचं चालू द्या.

एक. न्यायाधीश हे धंदे फार पूर्वीपासून करतात. अमेरिकेतला १९३१ चा मॅकबॉयल खटला बघा. चोरीचं विमान एका राज्यातून दुसऱ्यात नेलं आणि खटला भरला मोटारचोरीच्या कायद्याखाली. त्या कायद्यात मोटारी, ट्रक, मोटारसायकली सांगून झाल्यावर रुळांवर न धावणारी बाकीची स्वयंचलित वाहनंही धरली होती. न्या. होम्स यांनी आरोपीला सोडलं. कारण काय दिलं? सामान्य माणसाच्या मनात असे शब्द ऐकून जमिनीवर चालणाऱ्या वाहनांचंच चित्र उभं राहतं. आता सामान्य माणसाच्या मनातलं चित्र होम्सना कुणी दाखवलं? विधान पूर्णपणे अनुभवाधारित आहे, पुरावा शून्य. निकाल मला पटतो, पण ओसरीताईंचा मुद्दा इथे लागू पडतो.

दोन. "पूर्वलक्षी कायदा असू शकत नाही" म्हणणाऱ्यांना आपल्याकडचं २०१२ आठवत असेल. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने आयकराच्या वादात व्होडाफोनच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने आयकर कायद्याचं कलम ९ दुरुस्त झालं, तेही १ एप्रिल १९६२ पासून लागू! पन्नास वर्षं मागे. २०२१ मध्ये सरकारनेच ते गुंडाळलं. राज्यघटनेचं कलम २०(१) पूर्वलक्षी गुन्हे ठरवायला मना करतं, करांबद्दल ते काही बोलत नाही. मधल्या नऊ वर्षांत "हा कायदाच नाही" असं सांगून करदात्याला आयकर खात्यातून परत आणणारा वकील मला भेटलेला नाही. वाईट कायदा आहे असं मात्र सगळे म्हणत होते.

सरासरी

माझा पेशा आकड्यांचा, म्हणून खडा टाकतो. २०२१ च्या अभ्यासात "असू शकतात का" आणि "आहेत का" हे प्रश्न एकाच माणसाला विचारलेले नाहीत. गट वेगवेगळे होते. म्हणजे परस्परविरोध गटांच्या उत्तरांमध्ये आहे. त्याच माणसासमोर दोन्ही प्रश्न एकापाठोपाठ आले असते तर तो चपापला असता, आणि कदाचित पहिलं उत्तर सावरून घेतलं असतं. तसं होऊ नये म्हणूनच गट वेगळे ठेवतात, रचना चुकीची नाही. पण "प्रत्येक माणसाच्या डोक्यात विरोधाभास आहे" असं लिहिण्याआधी थांबावं.

दुसरी सावधगिरी. लोकांनाच विचारून बघणाऱ्या या प्रायोगिक तत्त्वज्ञानाच्या चळवळीचा सुरुवातीचा गाजावाजा आठवा. २००१ मध्ये वाइनबर्ग, निकोल्स आणि स्टिच यांनी म्हटलं की "ज्ञान" कशाला म्हणायचं याबाबत पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे लोक वेगळी उत्तरं देतात. केवढा गहजब झाला! पुढे मोठ्या नमुन्यांवर फेरतपासणी झाली तेव्हा तो फरक टिकला नाही. तेव्हा एका अभ्यासावरून पंथ बदलू नयेत.

ओसरी

@सरासरी, गटांचा मुद्दा मान्य, आणि लेखक ते लपवतही नाहीत. पण त्याने विरोधाभास विरत नाही. दोन्ही गट एकाच समाजातले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडलेले. एकाच समाजाकडून दोन प्रश्नांना दोन तोंडं फुटतात, एवढं तर सिद्ध होतं.

@तालुका_कोर्ट, नऊ वर्षांचं उदाहरण वहीत लिहून घेतलं.

वाटसरू

मानववंशशास्त्रात आयुष्य गेलं, त्यामुळे हा "विरोधाभास" वाचून मला जुना मित्र भेटल्यासारखं झालं. तो २०२१ मध्ये सापडला म्हणणाऱ्यांनी मालिनॉव्स्की वाचावा, १९२६ चा.

ट्रोब्रियांड बेटं, न्यू गिनीच्या पूर्वेला. तिथे आपल्याच मातृकुळातल्या मुलीशी संबंध ठेवणं निषिद्ध. मालिनॉव्स्कीने लोकांना विचारलं तेव्हा सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. असं करणाऱ्याला रोग होतात, मरण येतं, असं काही घडूच शकत नाही, वगैरे. आता तो तिथे प्रश्नावली वाटून परत गेला असता तर? नोंद झाली असती: हा नियम अभंग आहे, मोडण्याची कल्पनाही यांना असह्य होते.

पण तो तिथेच राहिला. आणि एक दिवस किमाई नावाचा सोळाएक वर्षांचा मुलगा नारळाच्या झाडावरून "पडून" मेला. अंत्यविधीला तो गेला, त्याच वेळी आणखी एक तरुण जखमी झाल्याचं कळलं, पण धागेदोरे जुळले ते बऱ्याच उशिरा. किमाईचे त्याच्या मावसबहिणीशी संबंध होते. गावाला ठाऊक होतं. लोक नाकं मुरडत होते, पण कुणी काही करत नव्हतं. मग त्या मुलीच्या आधीच्या चाहत्याने एका संध्याकाळी चारचौघांत, सगळ्यांना ऐकू जाईल असा, किमाईवर तो आरोप केला. दुसऱ्या दिवशी किमाईने सणाचे कपडे अंगावर चढवले, झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसला, आपल्या माणसांना कारण सांगितलं, ज्याने हे ओढवलं त्याचा बदला घ्या असं सुचवलं, आणि उडी टाकली. तो जखमी तरुण म्हणजे तो आरोप करणारा.

नंतर मालिनॉव्स्कीने चौकशी केली तर असे संबंध काही दुर्मीळ नव्हते. बोभाटा झाला नाही तर चालून जायचं. दोषनिवारणाचे मंत्रतंत्रसुद्धा तयार होते! म्हणजे नियम तोंडी एक, वागण्यात दुसरा, आणि चव्हाट्यावर आला की तिसरा. यातला "खरा" कोणता? माझं म्हणणं, तिन्ही मिळून एक वस्तू आहे. "असू शकत नाही, पण आहे" हे ओसरी यांच्या तीन हजार लोकांचं उत्तर अगदी याच घाटाचं आहे. फक्त ट्रोब्रियांडमध्ये ते नियम पाळण्याबद्दल होतं, इथे नियम करण्याबद्दल.

तेव्हा अनुभवाधारित संशोधन हवंच. पण चार ओळींचा काल्पनिक प्रसंग आणि खाली एक ते सात आकड्यांची पट्टी, एवढ्याने मिळतं ते कानांवर हात ठेवलेलं उत्तर.

पिंपळपान

प्रतिसाद फार आवडला. वाचनखूण साठवली.

शेंदूर

वाटसरूंचा प्रतिसाद सुंदर, पण माझ्याच बाजूचा. त्यांनी सांगितलं ते ट्रोब्रियांडच्या एका रूढीबद्दल. ती रूढी "कायदा" या सदरात टाकायची की नाही, हे कुठल्या निरीक्षणाने ठरलं? मालिनॉव्स्की बोटीतून उतरला तेव्हाच तिथल्या लोकांच्या आपसातल्या देवघेवीच्या बंधनांना कायदा म्हणायचं हे मनाशी धरून उतरला असणार. हार्टनेच दाखवलंय ना, की तांबडा दिवा लागला की गाड्या थांबतात एवढं बाहेरून मोजणाऱ्याला दिवा हे थांबण्याचं चिन्ह वाटेल, पण चालकासाठी तो थांबण्याचं कारण असतो. हे "आतून बघणं" किती गाड्या थांबल्या ते मोजून कळत नाही.

वाटसरू

@शेंदूर, मोजून नाही कळत, राहून कळतं. आतून बघायचं म्हणजे आत असलेल्यांकडेच जायला हवं ना? तुम्ही हार्टला माझ्या विरोधात उभं करताय, पण तो चालत माझ्याच अंगणात येतोय.

मांडवीकाठ

गोव्यातून एक जुनी गोष्ट. रूढी "विचारून" लिहून घेण्याचा प्रयोग आमच्याकडे १५२६ मध्येच झाला. अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या नावाने ओळखलं जाणारं फोराल, म्हणजे तिसवाडीच्या गांवकारांच्या (गावच्या जमिनीचे वंशपरंपरागत हक्कदार) चालीरीतींची सनद. जमीन कुणी वाटायची, वारसा कसा जायचा, कोणत्या गावाच्या गांवकाराचा मान आधी. गंमत अशी की लिहून काढल्याबरोबर ती नुसती नोंद राहिली नाही, राजाच्या नावाने तीच नियमावली झाली. आणि सांगितली कुणी? गांवकारांनी. ज्यांचा गांवकारीत हक्कच नव्हता त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. पाहणीने वस्तूच बदलली, असं तुमच्या भाषेत म्हणता येईल.

ओसरी

@मांडवीकाठ, हे वाचून मला पुण्याचं आठवलं. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनच्या सरकारने दख्खनच्या जातींच्या रूढी गोळा करायला लावल्या. आर्थर स्टील याने शास्त्र्यांना आणि जातीजातींच्या मुखत्यारांना विचारून ते संकलन केलं, छापून आलं १८२७ मध्ये. दत्तक, वाटणी, पाट, काडीमोड, जातीबाहेर टाकणं, सगळं त्यात आहे. कायद्याबद्दलची आपल्या मुलखातली ही पहिली मोठी पाहणीच म्हणायला हवी. आणि दोष तोच, गोव्याचा. पाटाची किंवा काडीमोडाची रूढी सांगतोय जातीचा मुखत्यार. जिने पाट लावला ती बाई कुठे आहे? तिला विचारलं असतं तर "आमच्यात असं चालत नाही" या वाक्यानंतरचा "पण" कागदावर आला असता.

म्हणून मला आता वाटतंय, की पाहणी करावी की नाही यावर तत्त्वज्ञ भांडतात ते भांडण दुय्यम आहे. "आपण याला कायदा म्हणतो" या वाक्यातला "आपण" कोण, यावर भांडायला हवं. खुर्चीतल्या तत्त्वज्ञाचा "आपण" म्हणजे तो आणि त्याचे सहकारी. स्टीलचा "आपण" म्हणजे मुखत्यार. इंटरनेटवरच्या प्रयोगाचा "आपण" म्हणजे थोड्या मोबदल्यासाठी प्रश्नावली भरणारा माणूस.

तालुका_कोर्ट

स्टीलवरून पुढे. त्याच १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ४ चं कलम २६ बघा. दिवाणी दाव्यात काय लावायचं याचा क्रम दिलाय: आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारची रेग्युलेशनं, ती नसतील तर मुलखाची वहिवाट, ती नसेल तर प्रतिवादीचा स्वतःचा कायदा, म्हणजे त्याच्या धर्माचं शास्त्र, आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्विवेकबुद्धी. वहिवाट शास्त्राच्या वर! पुढे १८६८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, मदुरेच्या कलेक्टरच्या खटल्यात सांगून टाकलं, की हिंदू कायद्यात रूढी स्वच्छ सिद्ध झाली तर ती लिखित वचनापेक्षा भारी पडते. आणि रूढी सिद्ध करायची तर साक्षीदार उभे करावे लागतात, मागची उदाहरणं दाखवावी लागतात. खुर्चीत बसून रूढी सिद्ध करता येत नाही. आजही येत नाही.

चहाबिस्किट

मग जातपंचायत? ती दंड लावते, वाळीत टाकते, लोक निमूट मानतात. ट्रोब्रियांडवाल्यांचा कायदा असेल तर हाही कायदा का?

शेंदूर

काडी टाकलीत! पण प्रश्न चांगला आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा पंचायतीच्या असल्या फर्मानाला गुन्हा ठरवतो. एक व्यवस्था दुसरीला कायदा मानत नाही म्हणून दुसरी कायदा नाही, असं म्हणता येत नाही. नाहीतर इंग्रजांनी न मानलेलं सगळं रद्दीत जाईल. आणि "कायदा" म्हटल्याने पंचायतीला मान मिळतो ही भीतीही नको. कायदा दुष्ट असू शकतो हे मान्य केलं की तो शब्द प्रशस्तिपत्र राहत नाही. फ्लानगनच्या पाहणीतल्या लोकांना नेमकं हेच जड गेलं, आणि म्हणूनच मी त्यांच्या उत्तरावर सिद्धांत उभारणार नाही.

सरासरी

@ओसरी, "आपण कोण" यावर हार्टचं स्वतःचं उत्तर आहे ना? नागरिकांनी नियम मनापासून मानले पाहिजेत अशी त्याची अट नाही. त्यांनी साधारणपणे पाळले म्हणजे झालं. अधिकाऱ्यांनी मात्र कोणता नियम वैध आणि कोणता नाही ही कसोटी आपली म्हणून स्वीकारलेली हवी. असा समाज मेंढरांच्या कळपासारखा असेल आणि मेंढरं कत्तलखान्यात जातील, पण कायदेव्यवस्था आहे असं म्हणावंच लागेल, इतकं रोखठोक त्याने लिहिलंय. मग त्याच्या सिद्धांताची परीक्षा घ्यायची तर नमुना सामान्य माणसांचा का घेतात? न्यायाधीश, मामलेदार, फौजदार, तलाठी यांचा घ्या. तीन हजार सामान्य माणसांनी काहीही सांगितलं तरी हार्ट खांदे उडवून म्हणेल, तुम्ही भलत्याच घरी गेलात.

तालुका_कोर्ट

वा! आता माझ्या घरी आलात.

हार्ट म्हणतो अधिकाऱ्यांची एक सामायिक कसोटी असते. पाठ्यपुस्तकात ती सोपी: घटना, तिच्याखाली विधिमंडळाचा कायदा, त्याखाली नियम, त्याखाली शासन निर्णय, म्हणजे जीआर, आणि परिपत्रकं. खालच्याने वरच्याला छेद दिला तर खालचा पडतो. कुठल्याही तहसीलदाराला परीक्षेत विचारा, हेच लिहील.

आता तुमचा अर्ज घेऊन त्याच कार्यालयात जा. कलम दाखवा. कारकून विचारेल, "जीआर आहे का?" कायदा मंजूर झाला, राजपत्रात आला, लागू झाला, पण त्यावरचा जीआर आला नसेल तर टेबलावर तो जन्मलेलाच नसतो. उलट जीआर असेल आणि तो कायद्याला सरळ छेद देत असेल, तरी उच्च न्यायालय रद्द करेपर्यंत तोच चालतो. आम्ही वकीलसुद्धा अर्जात आधी जीआरचा क्रमांक आणि दिनांक लिहितो, कलम मागाहून. आता सांगा, या मुलखातली वैधतेची खरी कसोटी कोणती? परीक्षेत लिहिलेली की टेबलावरची?

वाटसरू

तिसरीही धरा: कोर्टात गेल्यावरची. किमाईचं प्रकरण आहे हे तंतोतंत. बोभाटा होईपर्यंत एक, झाल्यावर दुसरी.

शेंदूर

जीआरच्या मुद्द्यावर मी गप्प बसून विचार करतोय. हार्टची कसोटी एकच असते असं मी धरून चाललो होतो. पण कारकून जीआर मागतो तो सोयीसाठी की तेच वैध मानतो म्हणून? सोयीसाठी असेल तर हार्टला धक्का लागत नाही.

सरासरी

आणि तेच तपासण्यासारखं आहे. मात्र प्रश्नावलीने नाही. "आपण कायद्याला वर मानता की जीआरला?" असं छापून दिलंत तर शंभरातले शंभर कायद्यावर खूण करतील. दोन्ही परस्परविरोधी असलेली खरी प्रकरणं काढून, कुणी काय केलं आणि टिपणीत काय कारण लिहिलं, ते वाचावं लागेल. टिपणीतलं कारण महत्त्वाचं. सोय की वैधता, शेंदूर यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे सापडलं तर सापडेल.

ओसरी

टिपण्या माहिती अधिकारात मिळतात का? की तिथेही जीआर दाखवावा लागेल?

तालुका_कोर्ट

फाइलवरच्या टिपण्या माहितीच्या व्याख्येत येतात, मिळतात. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि कालावधी नेमका लिहा, नाहीतर "माहिती मोघम आहे" म्हणून परत येईल. महसूल खातं घ्या, तिथे टिपण्या सविस्तर लिहितात. मार्चअखेर मात्र टाळा, तेव्हा कुणाला मान वर करायला वेळ नसतो.